हॉलो-बॉडी बेस गिटार घुमते, सूर कळत नाही: पिकअप बदलण्याआधी काय तपासायचं

तक्रार कायम एकाच शब्दात येते: "घुमतोय."

आमच्या ऑर्केस्ट्रात जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम होतात. तबला, ढोलक, कीबोर्ड, एक गिटार आणि बेसवर मी. साउंड चेकला सगळं झकास. हॉल भरला, डग्गा वाजायला लागला, की साउंडवाला कन्सोलमागून हाताने "खाली, खाली" अशी खूण करतो. मी आवाज कमी केला की गायिका वळून बघते, कारण तिला आता बेस ऐकूच येत नाही. वाढवला की पुन्हा घुमतो. आवाज भरपूर, पण कुठला स्वर वाजतोय ते कळत नाही.

या दुखण्यावर मी तीन वर्षांत दोनदा तारा बदलल्या, एकदा अँप बदलला आणि एकदा चांगले पैसे मोजून पिकअपही (तारांच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारा, चुंबक आणि गुंडाळीचा भाग) बदलला. प्रत्येक वेळी महिनाभर वाटायचं की सुटलो, आणि मग एखाद्या हॉलमध्ये पुन्हा तेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तुमच्याकडे हॉलो (आतून पोकळ) किंवा सेमी-हॉलो (अर्धवट पोकळ) बेस असेल आणि हे ओळखीचं वाटत असेल, तर मी ज्या क्रमाने शोधायला हवं होतं तो क्रम इथे लिहितोय. मी स्वतः बरोबर उलट्या क्रमाने गेलो.

गिटार कुठल्या घाटणीची ते आधी सांगतो. गिब्सनची ईबी-२ १९५८ साली आली, एपिफोनची रिव्होली तिची सख्खी बहीण. बारीक जाडीची बॉडी, दोन एफ-होल (इंग्रजी f च्या आकाराची भोकं), आत मधोमध लाकडाचा ठोकळा, स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३०.५ इंच म्हणजे साधारण ७७.५ सेंमी, आणि फ्रेटबोर्ड संपतो तिथेच चिकटून बसवलेला एक दांडगा पिकअप. ॲनिमल्सचा चास चँडलर, यार्डबर्ड्सचा पॉल सॅमवेल-स्मिथ ही मंडळी साठच्या दशकात असल्याच गिटारी वाजवत होती. माझी त्याच आराखड्यावरची, पण बरीच नंतरची. या पिकअपला वाजवणाऱ्यांनी 'मडबकर' असं नाव ठेवलंय. मड म्हणजे चिखल. नावातच निदान आहे, तरी मला तीन वर्षं लागली.

आधी फुकटचे उपाय

केबल. पिकअप जितका 'गरम', म्हणजे जितके जास्त वेढे, तितका केबलचा परिणाम जास्त. केबलची कपॅसिटन्स (विद्युत भार साठवण्याची क्षमता) मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. स्टेजवरची सहा मीटरची केबल म्हणजे ६०० पिकोफॅरड, आणि ही कपॅसिटन्स वरच्या पट्टीतला आवाज गिळते. दोन मीटरची केबल लावून अँपच्या शेजारी उभं राहून वाजवून बघा. फरक स्वच्छ ऐकू आला तर पिकअपची इंडक्टन्स (गुंडाळीचा जलद बदलांना होणारा विरोध) फार आहे, हे निदान तिथेच झालं.

दुसरं, गिटार कशात लावताय. बऱ्याच छोट्या हॉलमध्ये साउंडवाला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवणारी डबी) न लावता गिटारची वायर सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसतो. तिथे इंपिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) दहा-वीस हजार ओहम असते. आपल्या पिकअपला दहा लाख ओहम, म्हणजे एक मेगओहम लागतो. दहा हजारांवर हा पिकअप अक्षरशः गुदमरतो. माझे दोन कार्यक्रम निव्वळ यामुळे वाया गेले आणि मी दोष तारांना देत बसलो. आता ॲक्टिव्ह डीआय माझ्या बॅगेत असतो.

तिसरं, उंची. प्रत्येक तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पोलच्या (पिकअपमधल्या लोखंडी खुंटीच्या) डोक्यापासून तारेपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. ई तारेला चार मिमी आणि जी तारेला तीन मिमी, इथून सुरुवात करा. माझ्याकडे ई खाली दीड मिमी होतं. छोट्या स्केलच्या तारा ढिल्या असतात, लोहचुंबक त्यांना ओढतो, आणि वर ई तारच सगळ्यात मोठ्याने बोलते. या पिकअपला स्क्रूचे पोल असतात. ई खालचा स्क्रू आत घ्या, डी आणि जी खालचे अर्धा-अर्धा फेरा वर काढा. एवढ्यानेच वीस-पंचवीस टक्के चिखल कमी होतो, असं माझ्या कानाचं मत. मोजलेलं नाही.

तारांबद्दल फार बोलत नाही. फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) काढून राउंडवाउंड (खरखरीत) लावल्या तर आवाज उघडतो, पण मग जुन्या गाण्यांचा तो 'ठुम' जातो, ज्यासाठी ही गिटार घेतली. मी फ्लॅटवाउंडच ठेवल्या.

मल्टिमीटर जॅकला लावा

गिटार उघडायची गरज नाही. गिटारमध्ये केबल लावा, दोन्ही नॉब पूर्ण उघडा, मल्टिमीटर २०० किलोओहमवर ठेवा आणि केबलच्या मोकळ्या टोकाला, टोकावर एक प्रोब आणि बाहेरच्या नळीवर दुसरा, असं मोजा. माझं रीडिंग आलं २७.४. व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) ५०० किलोओहमचा, तो पिकअपला समांतर असतो, म्हणजे खुद्द पिकअप २९ च्या आसपास. साध्या हंबकर (दोन गुंडाळ्यांच्या) गिटार पिकअपला सात-आठ असतं. या घाटणीच्या पिकअपला पंचवीस ते तीस हजार ओहम नेहमीचंच, तेव्हा २७ बघून "जळालाय" म्हणून घाबरू नका. अपेक्षेच्या निम्मं दिसलं तर एका गुंडाळीला शॉर्ट आहे. मीटरने काहीच दाखवलं नाही, किंवा मोठ्या रेंजवर ५०० च्या जवळ दाखवलं, तर तार कुठेतरी तुटली आहे. तेव्हा पुढचं वाचण्यात अर्थ नाही, आधी ते बघा.

मूळ दुखणं दोन आहेत, आणि त्यातलं एकच हातात आहे

पहिलं म्हणजे जागा. माझ्या गिटारवर पिकअपचा मध्य ब्रिजपासून साडेएकवीस सेंमीवर येतो. मोकळ्या तारेची चौथ्या हार्मोनिकची (मूळ स्वराच्या चौपट कंपनाच्या वरच्या स्वराची) गाठ, म्हणजे तार न हलणारी जागा, लांबीच्या चौथ्या भागावर, म्हणजे ब्रिजपासून सुमारे १९.४ सेंमीवर असते. पिकअप त्या गाठीच्या अगदी जवळ बसलाय. मोकळ्या ई चा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा. छोटे स्पीकर तो धड वाजवतही नाहीत. कान तो स्वर ओळखतो वरच्या हार्मोनिकांवरून, आणि त्यातला एक महत्त्वाचा हार्मोनिक या पिकअपला जेमतेम ऐकू येतो. पण जागा बदलायची म्हणजे बॉडी कोरायची. मी ते केलं नाही, तुम्हीही करू नका.

दुसरं म्हणजे इंडक्टन्स. पिकअपची गुंडाळी आणि कपॅसिटन्स मिळून एक रेझोनन्स (जिथे आवाज सर्वांत उठून येतो ती पट्टी) तयार होतो. त्याच्या वरचं सगळं कापलं जातं. इंडक्टन्स जितकी जास्त, तितका हा कडा खाली. मडबकरमध्ये दोन लठ्ठ गुंडाळ्या आडव्या, पाठीला पाठ लावून ठेवलेल्या असतात, मधून स्क्रूंची रांग जाते, आणि दोन्ही सीरिजमध्ये (एकीनंतर एक) जोडलेल्या. त्या तशाच ठेवून पॅरललमध्ये (समांतर) जोडल्या तर इंडक्टन्स चौथाई होते. रेझोनन्स वर्गमुळाच्या हिशोबाने सरकतो, म्हणजे जवळपास दुप्पट उंचीवर. रेझिस्टन्सही २९ वरून सव्वासातवर. हंबकरचा गुण, म्हणजे हम (विजेची सततची गुणगुण) मारण्याचा, जात नाही. आवाज साधारण निम्मा होतो. ते अँपच्या गेनने भरून निघतं.

तिसऱ्या वर्षी मी जो नवा पिकअप घेतला, तो याच मापाचा, तितकाच गरम होता. सुटणार कसं?

आधी एक उलटवता येणारा उपाय करून बघा

पिकअप उघडायला हात धजावत नसेल तर हॉट (सिग्नल नेणाऱ्या) वायरमध्ये ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर सीरिजमध्ये टाका. त्याच्यावर ४७२ छापलेलं असतं. किंमत काही रुपये. मी पुण्याच्या बुधवार पेठेतून मूठभर आणले. ५०० किलोओहमचा पॉट आणि एक मेगओहमचा अँप मिळून ३३३ किलोओहम होतात, त्यावर हा कपॅसिटर साधारण १०० हर्ट्झच्या खाली आवाज उतरता करतो. रिकनबॅकर ४००१ या बेसमध्ये ब्रिजजवळच्या पिकअपला हाच ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर असायचा, तेव्हा ही काही माझी अक्कल नाही.

घुमणं लगेच कमी होतं. पण वरचा आवाज मिळत नाही, फक्त खालचा जातो. चिखल उपसला, पाणी स्वच्छ झालं नाही. नुसता डग्ग्याशी मारामारी टाळायची असेल तर एवढं पुरे. मला पुरलं नाही.

पिकअप उघडताना

तारा काढा, पिकअपचे स्क्रू काढा, पिकअप हळूच वर घ्या. वायर अपुरी असेल तर ओढू नका. पॉटच्या बाजूने सोडवा. कव्हर काढल्यावर टेप दिसते. ती नखाने नाही, चिमट्याने सोडवा. आतली तार सहा शतांश मिलिमीटरच्या आसपासची असते, केसाहून बारीक, आणि तुटली की तोंड आतल्या वेढ्यांमध्ये हरवतं. मी टेबल-लॅम्प, पांढरा कागद आणि शाळकरी भिंग घेऊन बसलो. पंखा बंद. घरच्यांना सांगून ठेवलं की अर्धा तास कोणी हाक मारू नका.

तुम्हाला शोधायचाय तो मधला जोड: जिथे एका गुंडाळीचं टोक दुसरीच्या टोकाला जोडून टेपखाली दाबलंय. तो जोड सोडवला की चार टोकं होतात. ज्या गुंडाळीचं दुसरं टोक हॉटला जातं तिला 'अ' म्हणा, ग्राउंडला जाते ती 'ब'. आता 'अ' चं सुटलेलं टोक ग्राउंडला आणि 'ब' चं सुटलेलं टोक हॉटला. बस. वाचायला उलट वाटतं, पण बरोबर आहे. हे सरळ, म्हणजे चुकीचं जोडलं, तर स्वर जवळजवळ नाहीसा होतो आणि हम मात्र वाढतो. तसं झालं तर काही जळत नाही. फक्त एका गुंडाळीची दोन टोकं अदलाबदल करा.

बारीक तारेला थेट जाड वायर लावू नका. छोट्या पीसीबीच्या तुकड्यावर चार ठिपके करून त्यावर जोडा, आणि तिथून चार पदरी शील्डेड वायर बाहेर काढा. मग सीरिज-पॅरलल बदलायला छोटा डीपीडीटी (दोन जोडण्या एकदम बदलणारा) स्विच किंवा पुश-पुल (ओढून-दाबून बदलणारा) पॉट लावता येतो. मी पुश-पुल लावला, कारण जुन्या घाटाच्या गिटारला नवं भोक पाडायचं जिवावर आलं.

फिट करण्याआधी तुलना, आणि इथेच माझी मोठी चूक होती

अजून काहीही आत ढकलू नका. वायरी बाहेर लोंबत ठेवा, क्रोकोडाइल क्लिप लावा, तारा चढवा आणि ऐका.

मी आधी काय करायचो? रात्री घरी, हेडफोनवर, एकट्याने वाजवून ठरवायचो. एकट्याने वाजवलं की गरम, जाड, सीरिजमधला आवाजच छान वाटतो. वाटणारच, तो मोठा आहे आणि खालून भरलेला आहे. मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो. त्या निवडीवर मी हॉलमध्ये जायचो आणि तिथे डग्गा माझी वाट बघत असायचा.

या वेळी असं केलं. तबलजी मित्राकडून आमच्याच एका गाण्याचा ठेका रेकॉर्ड करून घेतला. ऑडिओ इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये (लाइनमध्ये नाही) गिटार लावून तीच आठ मात्रांची ओळ चार वेळा वाजवली: सीरिज, सीरिज अधिक ४७२, पॅरलल, आणि फक्त एक गुंडाळी. उंची तीच, बोटाची जागा तीच. मग चारही तुकड्यांची पातळी एकसारखी केली. ही पायरी गाळली तर बाकीची मेहनत पाण्यात.

एकट्याने ऐकलं तर सीरिज जिंकला. ठेक्याखाली ऐकलं तर पॅरलल, आणि फरक थोडाथोडका नव्हता. डग्ग्याची मींड जिथे फिरते तिथेच सीरिजचा सगळा जीव होता, म्हणून दोघे एकमेकांना झाकत होते. पॅरललमध्ये प्रत्येक स्वराला सुरुवात ऐकू येत होती, बोट तारेवरून सुटल्याचा आवाजसुद्धा. एका गुंडाळीवर स्पष्टता तितकीच, पण हम आला. माझ्या धाकट्या भावाला न सांगता चार तुकडे ऐकवले. त्याने पॅरलल आणि ४७२ वाला यांच्यात बराच वेळ घालवला आणि शेवटी पॅरलल म्हणाला. त्याला संगीतातलं काही कळत नाही, म्हणूनच त्याला विचारलं.

मित्राकडे स्टारफायर घाटणीची गिटार आहे, तीही शेजारी लावून ऐकली. गिल्डची स्टारफायर बेस १९६५ साली आली तेव्हा तिच्यात स्वीडनच्या हागस्ट्रॉमचे बायसॉनिक पिकअप होते, आणि जेफरसन एअरप्लेनचा जॅक कॅसडी, ग्रेटफुल डेडचा फिल लेश यांनी अलेम्बिक या कंपनीकडून त्यांच्या या गिटारी आतून पार बदलून घेतल्या. बायसॉनिकचा आवाज माझ्या पॅरललपेक्षाही उघडा आहे, खालचा सूर घट्ट आणि वर पितळेसारखी किनार. फक्त तो सिंगल-कॉइल आहे, आणि आमच्या स्टेजवर डिमरचे दिवे असतात. मित्राच्या गिटारची गुणगुण दिवे मंद केले की वाढते. मला ते चालणार नाही, नाहीतर मी तोच घेतला असता.

दोन पिकअप असतील तर

व्हायोलिनच्या आकाराच्या हॉफनर ५००/१ चं उदाहरण घ्या, तीच १९५६ साली लोकांपुढे आलेली रचना, जी पुढे पॉल मॅकार्टनीमुळे जगभर गेली. ती आतून पूर्ण पोकळ, ठोकळा नाही. अशा दोन पिकअपच्या गिटारवर बदल केल्यावर हमखास येणारी तक्रार: एकेकटा पिकअप छान, दोन्ही चालू केले की आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा. म्हणजे फेज उलटी: एकाचा सिग्नल वर जाताना दुसऱ्याचा खाली. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्ट डीसीवर ठेवा, एक पिकअप चालू करा, स्क्रूड्रायव्हर पोलवर टेकवा आणि झटकन वर उचला. आकडा अधिक झाला की उणे, ते बघा. दुसऱ्यालाही तसंच. चिन्हं वेगळी आली तर एकाच्या दोन वायरी अदलाबदल करा. पण थांबा: पिकअपला पत्र्याचं कव्हर असेल आणि ते शील्डला जोडलेलं असेल, तर अदलाबदल केल्यावर कव्हरच हॉट होतं आणि हात लागला की भुणभुण सुरू. आधी कव्हर शील्डपासून तोडून स्वतंत्र वायरने ग्राउंडला न्या.

दुसरी फसगत म्हणजे २९ हजारांचा गरम पिकअप आणि सात हजारांचा साधा एकत्र लावणं. दोन्ही चालू केले की गरम वाला जवळजवळ नाहीसा होतो, कारण साधा त्याचा आवाज खाऊन टाकतो. गरम पिकअप पॅरलल केला की दोघांची जोडी जमते. हा मला अनपेक्षित मिळालेला फायदा.

हम राहिलाच तर

तारांना हात लावल्यावर हम कमी होत असेल तर गिटारचं ग्राउंड ठीक आहे, शील्डिंग कमी आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर हॉट-ग्राउंड कुठेतरी उलटं आहे. पण स्टेजवर माइकला ओठ लागल्यावर चिमटा बसत असेल तर तो पिकअपचा विषय नाही, हॉलच्या अर्थिंगचा आहे. तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणजे तुम्हीही. वाजवणं थांबवा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. अँपच्या प्लगची तिसरी पिन काढून हम घालवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या शेजारी मी उभा राहत नाही.

आणि आता सगळं एफ-होलमधून आत

या गिटारला मागे झाकण नसतं. पॉट, स्विच, जॅक, सगळं एफ-होलमधून आत घालून आतून भोकात बसवायचं. पहिल्यांदा मी दीड तास झगडलो. युक्ती फिश टँकच्या हवेच्या नळीत आहे: पारदर्शक नळीचा फूटभर तुकडा वरून पॉटच्या भोकातून आत सोडा, एफ-होलमधून बाहेर काढा, पॉटच्या दांड्यावर घट्ट बसवा आणि हळूहळू मागे ओढा. पॉट आपोआप भोकात येतो. जॅकला दोरा बांधून तसंच. पॉटच्या पाठीला आधी इन्सुलेशन टेप लावा, नाहीतर आत वायरी एकमेकींना टेकतात आणि मग सगळं पुन्हा बाहेर.

तारा चढवण्याआधी केबल लावून पुन्हा मल्टिमीटर. पुश-पुल आत असताना माझ्याकडे २७.४, वर ओढल्यावर ७.१. दोन्हीकडे एकच आकडा आला तर स्विचची वायर चुकली. शून्य आलं तर जॅकचा पत्रा कशाला तरी टेकलाय, बहुधा शील्डच्या बाहेर आलेल्या केसाएवढ्या तारेला. माझ्याकडे दोन्ही वेळा तेच निघालं. नॉब शेवटी लावा, कारण नव्वद टक्के वेळा पॉट पुन्हा एकदा आत ढकलावा लागतोच.